हिरड्यांतून येणारे रक्त : न दुखणाऱ्या रोगाची ओळख आणि उपचार

दात किडून ठणकू लागला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. लवंगेचे तेल, मिठाच्या गुळण्या, वेदनाशामक गोळी असे सारे उपाय करून झाले, की दुसऱ्या दिवशी तो दंतवैद्याचे दार गाठतोच. वेदना हीच तेथे पाठीराखी असते. परंतु दात गमावण्याचे दुसरे एक मोठे कारण असे आहे की, ज्यात बहुधा वेदनाच नसते. ते कारण म्हणजे हिरड्यांचा रोग. हा रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करीत राहतो, आणि माणूस मात्र ‘आता वय झाले, दात हलणारच’ असे म्हणून स्वतःची समजूत घालतो.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात भरलेल्या दंततपासणी शिबिराचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो. रांगेत चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या एक शेतकरी बाई होत्या. खुर्चीवर बसताच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, खालचा एकच दात हलतोय. तेवढा काढून द्या. बाकीचे दात चांगले हायेत माझे.” त्यांचे म्हणणे एका अर्थाने खरे होते. त्यांचा एकही दात किडलेला नव्हता. तरुण डॉक्टरबाईंनी एक बारीक सळई हिरडीच्या कडेने हळूच आत सरकवली आणि शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेस त्या आकडे सांगू लागल्या : पाच, सहा, चार, सात, सहा.

मग त्यांनी विचारले, “मावशी, दात घासताना रक्त येतं का?”

“आधी यायचं. मिश्री लावाया लागले, तवापासून थांबलं.”

डॉक्टरबाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. त्या आकड्यांचा आणि त्या मौनाचा अर्थ मला त्या वेळी कळला नव्हता. पुढे तो समजावून घेतला, आणि तोच वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

दाताचा आधार

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिती तशी नाही. जबड्याच्या हाडात दातासाठी एक खोबण असते. दाताचे मूळ आणि ही खोबण यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म तंतूंचे जाळे असते, आणि या तंतूंनी दात जणू झोळीत टांगल्यासारखा धरून ठेवलेला असतो. घास चावताना दातावर येणारा दाब हे तंतू झेलतात. या साऱ्या रचनेवर हिरडीचे आवरण असते. दात, तंतू, हाड आणि हिरडी मिळून हा आधार पूर्ण होतो. त्यांपैकी हिरडी ही कुंपणासारखी आहे. कुंपण मोडले की आतल्या पिकाला धोका पोहोचतो.

हिरडीची वरची कड दाताला घट्ट चिकटलेली नसते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ चीर असते. निरोगी माणसात तिची खोली सर्वसाधारणपणे १ ते ३ मि.मी. असते. डॉक्टरबाई मोजीत होत्या ती हीच खोली. ४ मि.मी. वा अधिक खोली आढळली आणि तेथे तंतू व हाड झिजलेले असले, की त्या चिरेला रोगाची ‘खोबण’ म्हणावे लागते, ६ मि.मी. आणि त्याहून अधिक म्हणजे रोग पुष्कळ पुढे गेल्याचे लक्षण होय. दाताचे मूळ सरासरी सुमारे १३ मि.मी. लांबीचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे सात या आकड्याचे गांभीर्य लक्षात येते. ज्यांना ‘चांगले’ म्हटले जात होते, त्या दातांपैकी काहींचा आधार बराचसा आधीच निघून गेला होता.

रोगाचे मूळ

दात स्वच्छ घासले तरी काही तासांतच त्यांवर एक मऊ, चिकट आणि जवळजवळ न दिसणारा थर बसू लागतो. हा थर म्हणजे अन्नाचे नुसते कण नव्हेत. ती जंतूंची दाट वस्ती असते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील अंतोनी व्हान लेवेनहूक याने आपल्याच दातांवरील हा पांढरा थर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला, आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. माणसाने जंतू प्रथम पाहिले त्या आरंभीच्या नोंदींमध्ये दातांवरील या थराला असे मानाचे स्थान आहे.

हा थर दररोज निघून गेला तर त्यापासून फारसा उपद्रव होत नाही. तो तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात साचतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा कठीण होऊ लागतो. यालाच आपण दातांवरचे कीटण म्हणतो. लाळेच्या ग्रंथी जेथे उघडतात त्या जागी, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, ते विशेष साचते. कीटण खडबडीत असल्यामुळे त्यावर जंतूंचा नवा थर अधिक सहज बसतो. मऊ थर ब्रशने निघतो. कीटण मात्र ब्रशने, मंजनाने किंवा कोणत्याही गुळणीने निघत नाही.

जंतूंनी निर्माण केलेल्या विषारी द्रव्यांना तोंड देण्यासाठी शरीर हिरडीकडे अधिक रक्त पाठविते. हिरडी लाल होते, सुजते आणि थोडासा स्पर्श होताच तिच्यातून रक्त येते. म्हणजेच हिरडीतून येणारे रक्त हा शरीराने दिलेला इशारा आहे.

पहिली अवस्था : येथून परत फिरता येते

हिरड्यांच्या रोगाच्या दोन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत सूज केवळ हिरडीपुरती मर्यादित असते. आतले तंतू आणि हाड शाबूत असतात. ही अवस्था पूर्णपणे बरी होऊ शकते, हे एका साध्या पण महत्त्वाच्या प्रयोगाने सिद्ध झालेले आहे.

डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंत महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. नंतर त्यांनी दातांची नियमित स्वच्छता पुन्हा सुरू केली, तेव्हा सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोन गोष्टी निर्विवाद केल्या. हिरड्यांच्या सुजेचे कारण दातांवरील जंतूंचा थर हेच आहे, आणि तो थर दूर केला की सूज ओसरते.

ज्याच्या ब्रशवर आज रक्त दिसत आहे, त्याच्यासाठी यापेक्षा अधिक दिलासा देणारी दुसरी वार्ता नाही.

दुसरी अवस्था : गेलेले हाड

सूज दीर्घकाळ राहिली तर काही जणांत रोग हिरडीच्या खाली उतरतो. तंतू तुटू लागतात, खोबणीभोवतीचे हाड झिजते आणि दात व हिरडी यांमधील चीर खोल होत जाते. या खोल जागेत ब्रश पोहोचत नाही. तेथे जंतूंना निर्वेध आसरा मिळतो. कधी तेथून पू येतो. पूर्वी याच अवस्थेला ‘पायोरिया’ म्हणत, आणि अजूनही लोकांच्या तोंडी तो शब्द आहे. शेवटी दात हलू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, पुढचे दात पसरून बाहेर येतात, आणि एक दिवस न किडलेला, धडधाकट दात हातात येतो.

या अवस्थेतही रोग थांबविता येतो. परंतु गेलेले हाड बहुतांशी परत मिळत नाही. म्हणूनच पहिली आणि दुसरी अवस्था यांच्यामधील सीमा वेळीच ओळखणे हे या साऱ्या विषयाचे मर्म होय.

सर्वांचीच पहिली अवस्था दुसरीत जाते असे नाही. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी करण्यात आली. त्यांना दंतवैद्यकीय उपचारांची सोय नव्हती आणि दात घासण्याची सवयही नव्हती. विशेष म्हणजे त्यांचे दात जवळजवळ किडलेले नव्हते. तरीही त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्के लोकांत दातांचा आधार झपाट्याने गेला, ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने गेला, आणि ११ टक्के लोकांत रोग हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. अस्वच्छता सर्वांची सारखीच असताना परिणाम मात्र निरनिराळे झाले. आपण या तिन्हींपैकी कोणत्या गटात मोडतो, हे आरशात पाहून सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीच करून घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाने जगातील शंभर कोटींहून अधिक लोक ग्रस्त आहेत. तेव्हा हा काही थोड्यांचा किंवा केवळ वृद्धांचा रोग नव्हे.

घरच्या घरी ओळख

सकाळच्या उजेडात, आरशासमोर उभे राहून पाच मिनिटांत प्रत्येकास आपल्या हिरड्या पाहता येतील. निरोगी हिरडी घट्ट असते, तिची कड पातळ असते आणि दोन दातांमधील टोक निमुळते असते. तिचा रंग बहुधा गुलाबी असतो. परंतु आपल्याकडे सावळ्या वर्णाच्या अनेकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी किंवा काळसर असतात, आणि तो रोग नव्हे. अशा हिरडीत लाली चटकन दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा सूज, मऊपणा आणि रक्त यांकडे अधिक लक्ष द्यावे.

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास दंतवैद्यास दाखवावे :

१) दात घासताना, किंवा पेरू, ऊस, भाकरी यांसारखे कठीण पदार्थ चावताना रक्त येणे.

२) हिरडी सुजून मऊ व चमकदार होणे.

३) तोंडाला सतत दुर्गंधी येणे किंवा चव बिघडणे.

४) हिरडी खाली सरकून दात पूर्वीपेक्षा लांब दिसणे.

५) पूर्वी नसलेल्या फटी दातांमध्ये पडणे आणि अन्न वारंवार अडकणे.

६) हिरडी दाबली असता पू येणे.

७) दात हलणे, किंवा दात मिटताना ते पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणे.

या यादीत वेदनेचा उल्लेख नाही, आणि ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मिश्री, विडी आणि हरवलेला इशारा

आता शिबिरातील त्या बाईंच्या उत्तराकडे वळू. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळावयाची, ही मिश्रीची चाल महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मिश्रीने दात बळकट होतात, ठणका कमी होतो, पोट साफ होते, असे समज तिच्याभोवती गुंफलेले आहेत. आरंभी दात घासण्यासाठी म्हणून घेतलेली चिमूट पुढे दिवसातून अनेकदा लागणारे व्यसन बनते.

तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांत रोग वाढत असूनही रक्त कमी येते, हे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. मिश्रीतही तेच निकोटीन असते आणि ते तर थेट हिरडीवर चोळले जाते. त्या बाईंचे रक्त थांबले म्हणून त्या निश्चिंत झाल्या. प्रत्यक्षात रोग थांबला नव्हता. त्याची वर्दी देणारी घंटा तेवढी बंद झाली होती. तंबाखू कोणत्याही रूपात सेवन करणाऱ्याने ‘मला रक्त येत नाही’ यावर विसंबून राहू नये, असा याचा अर्थ होतो. तंबाखूमुळे जखमा भरून येण्यासही विलंब लागतो, त्यामुळे उपचारांचे फळ कमी मिळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. मिश्री मात्र घराच्या चुलीवरच तयार होते, आणि ती सोडण्याचा निर्णयही घरातच व्हावयास हवा.

मधुमेह आणि इतर कारणे

मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा रोग लवकर होतो आणि वेगाने वाढतो. उलट, हिरड्यांत सतत राहणाऱ्या सुजेमुळे रक्तातील साखर काबूत ठेवणे अवघड जाते. हे नाते असे दुहेरी आहे. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनंतर त्यांच्या साखरेची सरासरी दर्शविणारी एचबीएवनसी ही चाचणी सुमारे ०.४ टक्क्याने खाली आल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात २०२२ साली आढळून आले. हिरड्यांच्या रोगाचे वर्गीकरण करण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात रोगाची गती ठरविताना धूम्रपान आणि मधुमेह या दोहोंचा विचार करण्यास सांगितले आहे. मधुमेही व्यक्तीने जसे डोळे आणि पाय तपासून घ्यावयाचे असतात, तशाच हिरड्याही तपासून घ्याव्यात.

गरोदरपणात शरीरातील संप्रेरके बदलतात आणि थोड्याशा थरानेही हिरड्या चटकन सुजतात. पुष्कळ घरांत या काळात स्त्रीला दंतवैद्याकडे नेण्याचे टाळले जाते. वस्तुतः दात स्वच्छ करून घेण्यास या काळात हरकत नाही. चौथा ते सहावा महिना त्यासाठी विशेष सोयीचा असतो. आपण गरोदर असल्याचे डॉक्टरांना सांगणे तेवढे आवश्यक आहे.

अपस्माराच्या रुग्णांना दिले जाणारे फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व अॅम्लोडिपिन यांसारखी काही औषधे, आणि मूत्रपिंड-रोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांमुळे काही रुग्णांच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते देणाऱ्या डॉक्टरांना हिरड्या दाखवाव्यात.

‘क’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगातही हिरड्या सुजून रक्त येते. म्हणून आवळा, पेरू, लिंबू आहारात असणे चांगलेच. परंतु रोज लिंबू खाणाऱ्याच्या दातांवरही कीटण असेल तर रक्त येतच राहील. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

उपचारांचे टप्पे

दंतवैद्य प्रथम प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात, दात किती हलतो ते पाहतात, आणि हाड किती उरले आहे हे समजण्यासाठी आवश्यक तेथे क्ष-किरण चित्र काढतात.

पहिली अवस्था असल्यास कीटण काढून दात गुळगुळीत करणे, ज्यास स्केलिंग म्हणतात, आणि घासण्याची योग्य पद्धत शिकविणे एवढ्यावर काम भागते. दुसऱ्या अवस्थेत हिरडीखाली मुळावर बसलेले कीटणही काढावे लागते. यासाठी हिरडी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, आणि तोंडाचा एकेक भाग घेऊन दोन किंवा अधिक बैठकींत हे काम पूर्ण करतात. त्यानंतर काही दिवस दातांना थंड पाणी झोंबते. ते हळूहळू कमी होते.

सुमारे तीन महिन्यांनी खोली पुन्हा मोजली जाते. बहुतेक ठिकाणी ती कमी झालेली आढळते, कारण सूज उतरते आणि हिरडी दाताला पुन्हा आवळून बसते. जेथे खोबण खोलच राहते, तेथे हिरडी किंचित उघडून मुळाची प्रत्यक्ष दृष्टीखाली स्वच्छता करण्याची लहानशी शस्त्रक्रिया करतात. काही विशिष्ट आकाराच्या खळग्यांत हाडाची भर घालण्याचाही उपयोग होतो. पण तो सर्वत्र शक्य नसतो. ज्यांचा आधार संपलाच आहे असे दात मात्र काढावे लागतात.

जंतुनाशक गोळ्या हा या रोगाचा मुख्य उपचार नव्हे. कीटण तसेच ठेवून केवळ गोळ्या घेतल्यास सूज काही दिवस दबते आणि पुन्हा उद्भवते. क्लोरहेक्झिडिनची गुळणी डॉक्टरांनी सांगितल्यास एक-दोन आठवडे वापरावी. अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. मिठाच्या कोमट पाण्याने बरे वाटते, पण कीटण निघत नाही.

दुसऱ्या अवस्थेतील रुग्णाने उपचार झाल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीस जाणे, हा उपचाराचाच एक भाग आहे. रक्तदाबाप्रमाणेच हा रोग ताब्यात ठेवावयाचा असतो.

दोन हट्टी गैरसमज

‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात,’ हा समज शहरांतही तितकाच दृढ आहे. तो कसा निर्माण झाला असावा, हे समजणे कठीण नाही. हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेले असतात आणि कीटणाने त्यांना चुन्याच्या गिलाव्याप्रमाणे एकमेकांस जखडलेले असते. कीटण निघाले की सैलपणा उघड होतो; सुजलेली हिरडी बसते आणि फटी दिसू लागतात. रुग्णास वाटते की हे डॉक्टरांच्या हत्याराने झाले. भिंतीच्या पोटातली पोकळी गिलावा काढल्यावर दिसली, म्हणून ती गिलावा काढणाऱ्याने केली असे होत नाही.

कीटण खरवडून काढणे हा परकीय उपचारही नव्हे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी निगडित पंधरा रोगांची गणना आहे. हिरड्यांतून रक्त येणे, दुर्गंधी, पू आणि दात हलणे यांची वर्णने त्यांत आढळतात. दातांवरील ‘शर्करा’ म्हणजे कीटण वैद्याने दंतमुळास इजा न करता काढावे, असेही तेथे सांगितलेले आहे.

दुसरा समज असा की, वरचे दात काढले की दृष्टी अधू होते. दातांच्या आणि दृष्टीच्या नसा वेगवेगळ्या आहेत. योग्य रीतीने दात काढल्याने दृष्टी जात नाही. या भीतीपोटी पू झालेला दात तोंडात बाळगणे हेच अधिक घातक ठरते.

रोजची निगा

मऊ केसांचा ब्रश घ्यावा. त्याचे केस दात आणि हिरडी यांच्या सीमेवर, हिरडीकडे तिरके टेकवून जागच्या जागी हलके हलवावेत आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवावेत. आतली बाजू विसरू नये. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि त्यांपैकी एकदा रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. भांडी घासल्यासारखा आडवा जोर लावला तर हिरडी मागे सरकते. केस वाकडे झाले की, किंवा सुमारे तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी.

दोन दातांमधील जागेत ब्रश पोहोचत नाही, आणि रोग बहुधा तेथूनच सुरू होतो. तेथे दातांसाठीचा खास दोरा किंवा फटींसाठी मिळणारा छोटा ब्रश वापरावा. टाचणी, काडेपेटीची काडी किंवा सुई घालू नये.

कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून, तिचा कुंचला मऊ करून वापरल्यास थर निघू शकतो. मात्र दातांच्या आतील बाजूस ती पोहोचविणे अवघड असते. राखुंडी, विटेची पूड, वाळू यांनी दात झिजतात. मिश्रीविषयी वर सांगितलेच आहे.

रक्त येऊ लागले की त्या जागी ब्रश लावण्याचे पुष्कळ लोक सोडून देतात. नेमके हेच करू नये. तेथेच अधिक काळजीने, हलक्या हाताने घासावे. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर तपासणी आवश्यक आहे.

केव्हा थांबू नये

हिरडीस गळू येऊन ताप चढणे, गाल किंवा मानेवर सूज पसरणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे, अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अल्पावधीत साऱ्या हिरड्या फुगून आपोआप रक्त वाहू लागले, आणि जोडीला थकवा, ताप किंवा अंगावर काळे-निळे डाग असतील, तर रक्ताच्या विकाराची शंका घेऊन तपासणी करावी लागते. तोंडातील जखम किंवा पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, किंवा तोंड उघडणे कमी होऊ लागले, तर तंबाखू खाणाऱ्याने एक दिवसही दवडू नये.

उपचाराची सोय

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व त्यांची रुग्णालये आहेत. मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय रुग्णसेवेत आहे, तर गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय आहे. या ठिकाणी हिरड्यांच्या रोगांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. केंद्र शासनाचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू झाला, आणि महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. जवळच्या रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात याची चौकशी गावातील आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात करता येईल.

तथापि सोय असणे आणि तिचा लाभ घेणे यांत अंतर आहे, आणि दंतरोगाच्या बाबतीत ते अंतर आपण स्वतःच निर्माण करतो. त्या शिबिरात डॉक्टरबाईंनी बाईंच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, “मावशी, हा एक दात वाचायचा नाही. पण शेजारचे वाचतील. मिश्री सोडा आणि साफसफाईला तीनदा या.” बाईंनी आरशात बराच वेळ पाहिले. मग विचारले, “मग रक्त येत होतं, तवाच यायला पायजे होतं व्हय?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “हो.”

बाई तीनही वेळा आल्या, असे पुढे दूरध्वनीवरून चौकशी केली तेव्हा कळले. एक दात गेला. शेजारचे तोवर तरी जागेवर होते. मिश्री एकदम सुटली नव्हती, पण कमी झाली होती; आणि मधल्या काळात हिरड्यांतून थोडे रक्त आले तेव्हा त्या घाबरून नव्हे, तर दाखविण्यासाठी म्हणून स्वतःहून आल्या होत्या.

प्रस्तुत लेखकही या बाबतीत निर्दोष नाही. शिबिराहून परतल्यावर, गेली दोन-तीन वर्षे ब्रशवर अधूनमधून दिसणारी लाल रेघ मला आठवली. ब्रश कडक असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी तपासणीस गेलो. आकडे तीन आणि चार निघाले. सीमेवरून परत फिरता आले, ते त्या बाईंच्या एका वाक्यामुळे.

उद्या सकाळी चूळ भरताना वाचकांनी एकदा पाण्याच्या रंगाकडे पाहावे. तो किंचितही लाल असेल, तर दात हलण्याची वाट पाहू नये.